कोऱ्या कॅसेटमधला सुरुंग

१

इंदुताईची कॅसेट कोरी झाल्याचं शुक्रवारी सकाळी कळलं. सही सोमवारी होणार होती.

मला बोलवायला तिचा मुलगा प्रवीण आला. मी जंगल खात्यात चौतीस वर्षं वनमजूर होतो, माग काढण्यात माझी हयात गेली. आता गावात कोणाची शेळी हरवली तरी लोक माझ्याकडे येतात. पोलिसांत जायला प्रवीण अजून तयार नव्हता. बातमी फुटली तर मुंबईची कंपनी मागे सरेल, अशी त्याला भीती.

"डोमाकाका, चोरी झाली असती तं बरं होतं," तो म्हणाला. "चोर सापडला की वस्तू सापडते. इथी वस्तू जाग्यावर हाये अन् आतलं गेलं."

आमचं गाव भद्रावतीच्या पलीकडे, कोळशाच्या खुल्या खाणीला लागून. इंदुताई या घरची सून. झाडीपट्टीच्या नाटकांत ती गायची. दिवाळी सरली की वडसा, आरमोरी, पार गडचिरोलीपर्यंत तिचं गाणं ऐकायला लोक बंड्या जुंपून यायचे. भद्रावतीच्या जलालुद्दीननं याच घरात बसून तिची गाणी भरली, अकरा कॅसेटी. बावीस वर्षांपूर्वी ती गेली. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी तिचं तळ्याचं गाणं मोबाइलवर टाकलं. सासरी निघालेली मुलगी बंडीवाल्याला सांगते, तळ्याची पाळ दिसते तोवर बैल हळू हाक. आता आमच्याकडे त्या गाण्यावाचून लग्नाचा व्हिडिओ होत नाही.

कंपनी इंदुताईची सगळी गाणी विकत घेणार होती, मूळ कॅसेटींसकट. त्यातली तळ्याच्या गाण्याचीच कोरी झाली होती.

दुपारी मी घरी गेलो. प्रवीणनं माझ्यासमोर ती लावली. नुसती खरखर. खाटेवर त्याचे वडील भैयाजी बसले होते. खाणीत सुरुंगाची भोकं पाडण्यात त्यांचे कान गेले. अगदी जोरात बोललं तर थोडं कळतं. डोळ्यांत मोतीबिंदू. रोज दुपारी जेवण झालं की ते टेपरेकॉर्डरला कान चिकटवून बायकोचं गाणं ऐकायचे, हे साऱ्या गावाला माहीत. आज त्यांनी टेपकडे पाठ केली होती.

"कोणं केलं ते मले माहीत हाये," प्रवीण म्हणाला. मांडणीवरची भांडी थरथरली आणि शांत झाली, त्याचं बोलणं थांबलं नाही. "जलालकाकानं. मंगळवारी साफ करतो म्हणून घेऊन गेला, गुरुवारी सकाळी अकराच्या बसनं येऊन देऊन गेला. आज पाहतो तं कोरी. सोमवारी कंपनीच्या बाईसमोर त्याचं नाव घेतो, अन् मंग ठाण्यात जातो."

जलालुद्दीन माझा चाळीस वर्षांचा मित्र, भैयाजींचा तर त्याहून जुना. मी भैयाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

माझ्या हातात तीन दिवस होते.

२

जलालुद्दीनचं दुकान भद्रावतीच्या बस स्टँडजवळ. पुढे त्याचा मुलगा रईस मोबाइलची कव्हरं विकतो. मागच्या अंधाऱ्या खोलीत जुन्या मशीन आणि म्हातारा जलाल.

"या डोमाभाऊ. तुम्हीबी झडती घ्याले आले का?"

"चहा पियाले आलो."

"मंग बसा. झडतीवाल्याले मी चहा देत नाई."

त्याच्या बायकोनं, सुलतानाबाईंनी, चहा पाठवला. जलालनं स्वतःचा प्याला तसाच ठेवला.

"बुधवारी मी ती पूर्ण ऐकली," तो म्हणाला. "साफ. इंदुबाई समोर बसली हाये असं वाटे. सुलताना भाजी सोडून येऊन बसली. प्रवीण म्हनते मी पुसली. काऊन पुसू मी? कंपनीनं मले विचारलं, तुमचा काही हक्क हाये का. मी लिहून देल्लं, काही नाई पाह्यजे."

"कागदावर नाव नाही म्हणून राग आला, असं लोक म्हणतील."

"म्हनू द्या. चाळीस साल या गावात लोकायच्या माय-बहिणीचे आवाज भरले मी. एकानं कधी म्हटलं का, जलालनं आमचा आवाज खराब केला? आता मराच्या वक्ताले हे नाव लागलं तं कबरीतही लागूनच राहीन."

मी कोरी कॅसेट त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उलटी करून पाठीवर बोट फिरवलं.

"हे पाहा. कॅसेटच्या पाठीले ही खुंटी असते. तोडून टाकली की तिच्यावर कोणी दुसरं भरू शकत नाई. बाकीच्या दहाच्या तोडल्या. हिची नाई तोडली."

"काऊन?"

"मागच्या बाजूले जागा होती. इंदुबाई म्हने, राहू द्या, बरी झाली की अजून एक गाणं म्हनतो." त्यानं कॅसेट माझ्याकडे सरकवली. "माझा गुन्हा असन तं एवढाच हाये, डोमाभाऊ."

निघताना मी सहज विचारलं, विकायच्या कॅसेटीत आणि या मूळ कॅसेटीत फरक काय.

"काही नाई. गाण्याच्या आधी इंदुबाई बोलते, 'थांबा जी, चुलीवर दूध हाये. पाहून येतो मी.' पायाचा आवाज जाते, येते, मंग गाणं. विकायच्या कॅसेटीतून तेवढं मी कापलं. गिऱ्हाइकाले दुधाचं काय करायचं?"

तो हसला, आणि मग त्यानं तोंड फिरवलं.

३

शनिवारी कंपनीची मयुरी चंद्रपूरहून कागद दाखवायला आली. नागपूरची मुलगी, बोलायला मोकळी. प्रवीणनं तिला कॅसेटचं अजून सांगितलं नव्हतं. मी अंगणात तिच्याजवळ बसलो.

"बाई, एक सांगा. मेलेल्या माणसाची गाणी घेऊन तुमच्या कंपनीले काय मिळते?"

"काका, नवं गाणं चालेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या गाण्याचं वागणं माहीत असतं. लोकांनी ते पंचवीस वर्षं सोडलेलं नाही, म्हणजे पुढेही सोडणार नाहीत. सोयाबीनचा भाव पडो की शेअरबाजार पडो, लग्नं व्हायची थांबत नाहीत. मोबाइलवर, सिनेमात, जाहिरातीत, जिथे वाजेल तिथून थोडे थोडे पैसे येतात, दरवर्षी. म्हणून मोठे पैसेवाले लोक जमीन घ्यावी तशी आता गाणी घेतात. आणि एकदोन नाही, सगळी. कोणतं कधी उचलेल, कोणाला माहीत? तळ्याचं गाणंही मोबाइलवर येईपर्यंत इथल्यापुरतंच होतं ना."

मला मोहाची झाडं आठवली. आमच्या जंगलात कोणतं मोहाचं झाड कोणत्या घरचं, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं असतं. झाड सरकारचं, जमीन सरकारची. पण चैत्रात खाली पडणारी फुलं त्या घरची. घरची बाई झाडाखालचा पाला झाडून ठेवते आणि पहाटे टोपली घेऊन जाते. दुसरं कोणी तिथे वाकत नाही.

मी हे सांगितल्यावर मयुरीनं मान हलवली. "तसंच. आम्ही झाडाखालची जागा घेतो. पुढचे सगळे हंगाम."

"अन् घरच्यायनं?"

"ऐकायला कोण अडवतंय? पण मूळ कॅसेटी आमच्या थंड खोलीत राहतील, त्या परत मिळत नाहीत. गेल्या रविवारी मी आजोबांना हे मोठ्यानं दोनदा सांगितलं, उगाच आशा नको."

"रविवारी तुम्ही कॅसेट ऐकली. उतरवून घेतली?"

"सहीआधी प्रत घ्यायची नाही असा आमचा नियम आहे. नुसती ऐकली. सुरुवातीला दुधाचं काहीतरी बोलणं आहे, ते कापावं लागेल." मग ती माझ्याकडे नीट पाहू लागली. "काका, काही झालंय का?"

मी खरं सांगितलं. तिनं हातातले कागद मिटले.

"विक्रीची चांगली प्रत मिळाली तर काम भागेल. पण घरातल्या कोणी मुद्दाम पुसली असेल, तर हे भांडण उद्या कोर्टात जाणार. असल्या गाण्यांना कंपनी हात लावत नाही. सोमवारपर्यंत मला कळलं पाहिजे, कोणी आणि का."

४

मयुरी गेल्यावर मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि बैठकीत कोरी कॅसेट लावली. प्रवीणनं दोन मिनिटं ऐकून ती बंद केली होती. पाऊलखुणा दोन पावलांत संपल्या म्हणून कोणी वाघाचा माग सोडत नाही. मी आवाज पूर्ण वाढवला आणि भैयाजींसारखाच कान लावला.

खरखर. खरखरीत एक कोंबडी. कोणीतरी दूर बादली ठेवली. मला कळू लागलं, ही कोरी टेप नव्हे. हिच्यावर एक खोली भरलेली आहे. गाणं पुसायला कोणी भरायची लाल कळ दाबली, आणि मशीनचा कान, आतला माइक, तर उघडाच होता.

मग लांब भोंगा वाजला. थोड्या वेळानं धप्प असा जड आवाज आला आणि मांडणीवरची भांडी थरथरली.

मी वर पाहिलं. मांडणी माझ्यासमोर होती. भांडी जागची हलली नव्हती. घड्याळात चार वाजून गेले होते आणि खाणीतला सुरुंग अडीचलाच उडून गेला होता.

भांडी कॅसेटमध्ये थरथरली होती.

आमच्या गावात सुरुंग कोणी ऐकत नाही. रोज दुपारी उडतो, भिंतींना चिरा पाडतो, आणि बायकांचं बोलणंसुद्धा तुटत नाही. बाहेरच्या माणसानं तो ऐकला असता, थांबून पुन्हा भरलं असतं. आमच्या माणसाला तो ऐकूच आला नाही.

जलाल सुटला. त्याच्या दुकानात ना ही मांडणी, ना हा सुरुंग. त्यानं बुधवारी ती चांगली ऐकली आणि गुरुवारी अकराला आणून दिली. शुक्रवारी सकाळी ती कोरी होती. मध्ये सुरुंग उडाला तो एकदाच, गुरुवारी दुपारी अडीचला, याच खोलीत.

त्या वेळी प्रवीण फॅक्टरीत कामावर होता. घरात तिघं होती: त्याची बायको पुनम, गडचिरोलीहून सुटीवर आलेली त्याची बहीण साधना, आणि भैयाजी.

५

साधना गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती लपवणारी नाही.

"हो, मले विकायचं नव्हतं," रविवारी सकाळी ती म्हणाली. "मायचा आवाज बिस्किटाच्या जाहिरातीत वाजन, ते मले नाई पाहवणार. प्रवीणसंग भांडलीबी. पण पुसन काऊन मी? दवाखान्यात मरणाऱ्याच्या घरचे फोनमध्ये त्याचा आवाज शोधत बसतात काकाजी. मी रोज पाहतो. मी मायचा आवाज पुसन?"

"गुरुवारी दुपारी कुठी होती?"

"मी अन् वयनी मागच्या न्हाणीजवळ गोधड्या धूत होतो. बाबानं पुढचं दार लावून घेतलं होतं. झोपले असन म्हटलं."

पुनम भाकरी थापत होती. "मामाजी झोपले नव्हते," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "दारासमोर पायरीवर बसून होते. कोंबडी आत जाऊन राह्यली तं तिलेबी हाकललं. मी म्हटलं, काय राखण करून राह्यले जी? तं म्हने, काही नाई, तू जाय."

मी परत बैठकीत गेलो आणि कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. भोंगा, सुरुंग, भांडी, कोंबडी, आणि पुष्कळशी शांतता. अगदी शेवटाला, अगदी जवळून एक आवाज: खट्ट. त्यानंतरही टेप दहाबारा सेकंद फिरत राहिली.

कॅसेट संपली की मशीनची कळ आपोआप वर येते, त्याचा हा खट्ट. पण टेप स्वतः थांबण्याचा आवाज स्वतःवर कसा भरेल? थांबल्यावर भरणार कोण?

म्हणजे त्या खोलीत, या मशीनच्या शेजारी, आणखी एक मशीन चालू होती.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. पुसायला एक मशीन पुरते. दोन कशाला लागतात, हे आमच्या वयाच्या माणसाला विचारा. एक वाजवायची, दुसरी तिच्यापुढे ठेवून भरायची. दारं लावायची, माणसं बाहेर काढायची, म्हणजे कोणाचा श्वासही आत यायला नको. जलाल असाच सगळ्यांना हाकलायचा. जलालनं स्वतः उतरवली असती तर वायर लावली असती, खोलीचा आवाज आलाच नसता. साधनाकडे आणि पुनमकडे मोबाइल आहेत, त्यांना दुसरी मशीन कशाला?

ज्यानं कॅसेट कोरी केली, तो ती वाचवायला बसला होता.

६

दुसरी मशीन शोधायला मला दोनच घरं फिरावी लागली. शेजारच्या रीताबाईकडे भजनाचा टेप आहे.

"भैयाजी बुधवारी घेऊन गेले, शुक्रवारी आणून देल्ला," ती म्हणाली. "म्हटलं, तुमचा बिघडला का? तं काही बोलले नाई."

मी तो टेप मागून आणला. दुपारच्या बसनं जलालही आला. मी त्याला फक्त 'ये' एवढाच निरोप धाडला होता. दारात प्रवीणनं त्याच्याकडे पाहून मान फिरवली. मी दोन्ही मशीन भैयाजींच्या खाटेसमोर शेजारी ठेवल्या. घरच्या मशीनवर वाजवायची कळ डावीकडून दुसरी. मी डोळे मिटले आणि रीताबाईच्या मशीनवर डावीकडून दुसरी कळ दाबली. डोळे उघडले तेव्हा लाल कळ आत गेलेली होती. या मशीनची भरायची कळ एकटीच खाली जाते. कळींखाली अक्षरं आहेत, पण इंग्रजी. मी लिहायला-वाचायला शिकलो तो पन्नाशीला टेकल्यावर, तेही आपलंच. ती अक्षरं भैयाजींना आणि मला सारखीच.

भैयाजी त्या लाल कळीकडे डोळे बारीक करून पाहत राहिले. मग त्यांनी जलालच्या दिशेनं हात जोडले.

"जलाल, मीच."

प्रवीण पुढे आला. जलालनं त्याला हातानं थांबवलं.

"ते कंपनीची पोरगी म्हने, कॅसेट परत येणार नाई," भैयाजी म्हणाले. बहिऱ्या माणसासारखं नाही, अगदी हळू. "मंगळवारी तू घेऊन गेला, तं दोन दुपारा मले जाता जाईना. मंग कायमची गेली तं काय करू? म्हटलं, आपल्यापाशी एक भरून ठेवू. आपल्या मशीनची लाल कळ मले माहीत हाये, म्हणून दुसरी कॅसेट टाकून भराचं काम तिले देल्लं. इंदुची कॅसेट रीताच्या मशीनमंधी टाकली. कळ दाबली, लगेच बाहेर आलो, दार लावलं. तू सांगे तसं. बाहेरून मले ऐकू येत नाई, म्हटलं वाजत असन."

"बाबा, मले सांगतलं असतं," प्रवीण म्हणाला. "मोबाइलमंधी भरून देल्लं असतं."

साधनानं ते त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं.

"गाणं तं साऱ्या गावाच्या मोबाइलात हाये बापा. मले गाणं नोको होतं. मले ते दुधाचं पाह्यजे होतं. ते दुसरीकडं कुठीच नाई." त्यांनी जलालकडे तोंड केलं. "शुक्रवारी कान लावला तं दोन्हीत काहीच नाई. तुह्यावर आळ आला तवाच बोलाले पाह्यजे होतं. तोंडच उघडे ना. तोंड उघडलं तं खरंच गेलं, असं होईन वाटे."

भोंगा वाजून गेला असावा, कारण सुरुंग उडाला आणि भांडी थरथरली. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी तो ऐकला.

जलाल त्यांच्या शेजारी खाटेवर बसला. कानाला तोंड लावून म्हणाला, "चाळीस साल झाले सांगून राह्यलो, माह्या मशीनले हात लावू नोको म्हणून. ऐकते कोण?" आणि मग तेवढ्याच जोरात, पण वेगळ्या आवाजात, "खुंटी मी नाई तोडली रे. मी तोडली असती तं वाचली असती."

प्रवीण जलालच्या पाया पडला. जलाल म्हणाला, "ऊठ. अन् ठाण्यात जाणार होता ना, तं आता जाताना मले बस स्टँडवर सोडून दे."

सोमवारी मयुरीला मी सगळं सांगितलं, कोणी आणि का. तिनं ऐकून घेतलं. मग पिशवीतून फोन काढून बाहेर अंगणात गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. दहा मूळ कॅसेटी आणि जलालनं जपून ठेवलेली विक्रीची एक प्रत, यावर सही झाली. सही करताना भैयाजींचा हात प्रवीणनं धरला होता. साधनानं कागद पूर्ण वाचला, रडली नाही, आणि जाहिरातीआधी घरच्यांना विचारायचं, असं एक वाक्य त्यात घालून घेतलं.

कोरी कॅसेट मयुरीनं परत केली. "हिचा आम्हाला उपयोग नाही, आजोबा."

जलालनं ती घेतली. खिशातून किल्ली काढली, पाठीवरची खुंटी तोडली आणि कॅसेट भैयाजींच्या हातात ठेवली.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवण झालं होतं. ते घरच्या मशीनला कान चिकटवून बसले होते आणि आतमध्ये ती कॅसेट फिरत होती, गुरुवारची ती खोली, ती कोंबडी, ती शांतता. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, काय ऐकता जी?

त्यांनी बोटानं मला हळू बोलायला सांगितलं.

"दूध पाहाले गेली हाये," ते म्हणाले. "येतेच."